हा ठिपका कुणाचा?

रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्याच्या किनाऱ्याला लागलेल्या दोन बोटींची नोंद देशाच्या सुरक्षेच्या इतिहासात झाली आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये शेखाडीला आरडीएक्स आणि शस्त्रे उतरवली गेली. १२ मार्चला मुंबईत बारा ठिकाणी स्फोट झाले आणि २५७ माणसे मेली. पुढे १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस नौका लागली. आत माणूस नव्हता. तीन एके-४७ रायफली आणि काडतुसे मात्र होती. दहीहंडी तोंडावर आलेली, गणपती तेरा दिवसांवर. राज्यभर नाकाबंदी झाली. तपासात कळले की 'लेडी हान' नावाची ही नौका मस्कतजवळ २६ जूनला इंजिन बंद पडल्याने खलाशांनी सोडून दिली होती. खलाशांना दुसऱ्या जहाजाने वाचवले आणि नौका वाऱ्या-लाटांवर वाहत अरबी समुद्र ओलांडून कोकणात आली.

या दोन बोटींच्या मधल्या एकोणतीस वर्षांत किनाऱ्यावर रडार उभे राहिले, दीपस्तंभांवर कॅमेरे बसले, गस्तीची नवी दले निघाली. तरीही शस्त्रे असलेली नौका आधी गावकऱ्यांना दिसली आणि मग यंत्रणेला कळली. मग या सगळ्या विज्ञानाने काय साधले? की ते नसते तर परिस्थिती याहून वाईट असती?

या प्रश्नावरची दोन मते मांडण्यासाठी या लेखात एक मामा आणि एक भाची यांना समोरासमोर बसवले आहे. मामांची सगळी नोकरी सागरी पोलिसांत, कोकणातल्या बंदरांवर गेली. भाची अभियंता आहे आणि रडारच्या संकेतांतून उपयोगाची माहिती वेगळी काढण्याचे काम करते. माणसे आणि त्यांचे बोलणे कल्पित आहे. त्यांनी दिलेले दाखले घडलेले आहेत.

मामा सुरुवातच शेखाडीपासून करतात. "त्या रात्री तिथं रडार असतं तरी काय झालं असतं? माल किनाऱ्यावर उतरला, ट्रकांत भरला, रस्त्याला लागला. ज्यांनी अडवायचं त्यांनी पैसे घेऊन सोडला. टाडा न्यायालयानं सीमाशुल्क खात्यातल्या आणि पोलिसांतल्या लोकांनाही दोषी ठरवलं, ते याचसाठी. दिसत होतं गं सगळ्यांना. बघायचं नाही असं ठरलं होतं."

"म्हणूनच यंत्र हवं, मामा," भाची म्हणते. "एका माणसानं पाहिलेलं त्याच्यापाशीच दाबून टाकता येतं. रडारनं टिपलेली बोट किनाऱ्यावरच्या केंद्रात दिसते, त्याच वेळी शेकडो किलोमीटर लांबच्या दुसऱ्या केंद्रातही दिसते, आणि तिची नोंद राहते. लाच द्यायची तर किती जणांना देणार? आणि नोंद पुसायची कुणी?"

तिच्या म्हणण्यामागे मोठी उभारणी आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर, २००९ मध्ये, सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली. पहिल्या टप्प्यात मुख्य भूमी आणि बेटे मिळून ४६ रडार केंद्रे उभारायची ठरली. त्यांतली बरीचशी दीपस्तंभांच्या आवारात आहेत. रडारच्या जोडीला दिवसा-रात्री पाहणारे कॅमेरे, हवामानाची उपकरणे आणि जहाजांचे स्वयंचलित ओळखसंदेश, म्हणजे एआयएस, ऐकणारी यंत्रे. नौदलाची २० आणि तटरक्षक दलाची ३१ अशी ५१ केंद्रे एकमेकांना जोडून त्यांचे एकत्रित चित्र गुरुग्रामच्या माहिती केंद्रात उमटते. २३ नोव्हेंबर २०१४ रोजी तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी या केंद्राचे उद्घाटन केले.

या रडारचा पल्ला पृथ्वीच्या गोलाईने ठरवलेला आहे. मनोऱ्याच्या मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ घ्यावे आणि त्याला साधारण ४.१ ने गुणावे. जितके येतील तितक्या किलोमीटरवर रडारचे क्षितिज येते. पन्नास मीटर उंचीवरून ते सुमारे २९ किलोमीटर. देशाचा सागरी प्रदेश किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे २२ किलोमीटर. एवढा पट्टा नजरेत येतो. त्यापलीकडे पाहायचे तर विमान, जहाज किंवा उपग्रह लागतो. मुंबई हल्ल्यानंतर पाच महिन्यांच्या आत, एप्रिल २००९ मध्ये, इस्रोने रिसॅट-२ हा रडार उपग्रह सोडला. ढग असोत की रात्र, तो जमिनीचे चित्र घेऊ शकत होता.

"उपग्रह, रडार, कॅमेरे सगळं मान्य," मामा म्हणतात. "पण २०११ मध्ये 'पवित' जुहूच्या वाळूत येऊन रुतलं, ते आठवतं ना? हजारभर टनांचं जहाज. ओमानजवळ सोडून दिलेलं. आपल्या समुद्रातून वाहत आलं, मुंबईच्या चौपाटीवर चढलं, आणि सकाळी फिरायला आलेल्यांनी पाहिलं. नौदलाला पत्ता नाही, तटरक्षकांना नाही, आम्हाला नाही. अडीच वर्षं झाली होती फक्त, सव्वीस अकराला."

"तेव्हा रडारची साखळी पूर्ण झाली नव्हती."

"आणि २०२२ ला? तेव्हा झाली होती ना?"

भाचीला हा प्रश्न टाळता येत नाही, आणि ती टाळतही नाही. रडार कसा पाहतो हे तिला आधी सांगावे लागते.

रडार लहरी सोडतो आणि जे काही आडवे येईल त्यावरून परतणाऱ्या लहरी टिपतो. समुद्रात आडव्या येणाऱ्या गोष्टींत पहिली असते लाट. पावसाळ्यात दोन-तीन मीटरच्या लाटा उसळत असतात आणि प्रत्येक लाटेकडून प्रतिध्वनी येतो. त्यात पाऊस, पक्ष्यांचे थवे, जाळ्यांचे बोये. हे सगळे पडद्यावर आले तर पडदा पांढरा होईल. म्हणून संगणकाला नियम दिलेले असतात: अमुक ताकदीपेक्षा क्षीण प्रतिध्वनी सोडून द्या, अमुक वेगापेक्षा संथ असेल ते सोडून द्या, दोन फेऱ्यांत एकाच जागी न सापडणारे सोडून द्या. या गाळणीमुळेच पडदा वाचता येतो. पण लाटांआड डोलणारी, इंजिन बंद असलेली, वाऱ्या-लाटांबरोबर संथ सरकणारी सोळा मीटरची नौका याच गाळणीतून निसटू शकते.

"आणि हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही," ती सांगते. "फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेनं चीनचा तो मोठा फुगा पाडला. त्यानंतर त्यांनी रडारची गाळणी बदलली, संथ आणि छोट्या गोष्टीही दिसू दिल्या. लगेच आठ दिवसांत आणखी तीन वस्तू सापडल्या आणि पाडल्या. अशा वस्तू आकाशात आधीही असणार. गाळणी त्यांना दाखवत नव्हती."

"म्हणजे काय दिसावं हे माणसानंच ठरवलेलं," मामा म्हणतात.

"माणसानंच. पण गाळणी सैल केली तर तुम्हालाच त्रास. कोर्लईला काय झालं?"

जुलै २०२५ च्या पहिल्या आठवड्यातली ही घटना. रेवदंड्याजवळच्या कोर्लईच्या समुद्रात, किनाऱ्यापासून सुमारे दोन सागरी मैलांवर, संशयित बोटीचा ठिपका रडारवर दिसला. बोट पाकिस्तानी असावी असा संशय आला. भर पावसात रायगड पोलीस, तटरक्षक दल, नौदल, बॉम्बशोधक पथक अशी सगळी यंत्रणा रात्रभर धावली. बोट सापडली नाही. पाकिस्तानी मासेमारी बोटीच्या जाळ्याला लावलेला, जीपीएसवर ठावठिकाणा कळवणारा बोया तुटून वाहत आला असावा, असा निष्कर्ष निघाला.

मामांच्या लेखी ही फुकटची धावपळ. भाचीच्या लेखी यंत्रणा चालल्याचा पुरावा. दोघेही बरोबर आहेत, आणि यातून येणारी अडचण हिशेबाने सांगता येते. समजा, एका रात्री पट्ट्यात हजार बोटी आहेत आणि त्यांतली एकच घातक आहे. यंत्र शंभरांत नव्व्याण्णव वेळा अचूक आहे, म्हणजे फारच चांगले. तरीही ९९९ निरपराध बोटींपैकी दहा बोटींबद्दल ते चुकून इशारा देणार. अकरा इशारे, त्यांत खरा एक. उद्या पुन्हा दहा, परवा पुन्हा दहा. आणि घातक बोट तर वर्षानुवर्षे येतच नाही. पडद्यासमोर बसलेल्या माणसाचा इशाऱ्यावरचा विश्वास अशाने उडत जातो. बंदरांवर किरणोत्सार ओळखणाऱ्या कमानींचेही असेच. केळी आणि चिनी मातीच्या फरशा यांच्यातल्या नैसर्गिक पोटॅशियममुळेही त्या कमानी वाजतात, कारण त्यात थोडा किरणोत्सार असतोच.

"आता याच हिशेबाची दुसरी बाजू बघा, मामा. त्या हजारांतल्या नऊशे बोटींनी स्वतःच सांगितलं की मी अमुक बंदराची, अमुक क्रमांकाची, तर त्या बाजूला काढता येतात. उरल्या शंभर. त्यांत चुकीचा इशारा एखादाच, आणि खरा एक. म्हणजे दोन बोटी तपासायच्या. तेवढ्या तर तुमच्या गस्ती नौकेला झेपतील? शत्रू शोधण्याआधी आपली माणसं ओळखायची, हे तंत्रज्ञानाचं खरं काम. मी तर म्हणते, या कामाला महागड्या कॅमेऱ्यांच्या आधी पैसा मिळायला हवा."

मामा इथे थांबतात. इतका वेळ ते भाचीकडे यंत्रांची वकील म्हणून पाहत होते. हा मुद्दा मात्र त्यांच्या अनुभवाच्या जवळ जाणारा आहे. बंदरावर त्यांनी हेच केले होते. कुठली बोट कुणाची, ती हाकणारा तांडेल कोण, खलाशी कुठले, हे पाठ असले की नवखी बोट आपोआप उठून दिसते. २६ नोव्हेंबरनंतर सरकारने जे उपाय केले त्यांतही हे आहेच: बोटींची नोंदणी, मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे, प्रत्येक राज्याच्या बोटींना ठरावीक रंग.

जहाजांसाठी ओळख सांगणारी यंत्रे आधीपासून आहेत. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना एआयएस सक्तीचे आहे, आणि भारतात वीस मीटरपेक्षा लांब मासेमारी बोटींनाही ते लागते. अडचण होती त्याखालच्या छोट्या बोटींची, आणि कोकणात गर्दी त्यांचीच. त्यासाठी इस्रोच्या तंत्रज्ञानावर आधारलेले ट्रान्सपाँडर बनले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या कार्यक्रमातच, पंतप्रधानांनी या योजनेची देशव्यापी सुरुवात केली. १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख बोटींवर हे ट्रान्सपाँडर बसवायचे, खर्च सुमारे ३६० कोटी रुपये. उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी संदेश जातात. वादळाचा इशारा बोटीला मिळतो आणि बोटीवरची मदतीची हाक किनाऱ्याला.

पालघरच्या मच्छीमारांसाठी यात आणखी एक जिव्हाळ्याची गोष्ट आहे. तिथले कितीतरी जण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. मासळीच्या मागे बोट सागरी सीमारेषेजवळ गेली की पाकिस्तानची सागरी यंत्रणा धरते, आणि मग कराचीच्या तुरुंगात वर्षे जातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'जलपरी' बोटीवर त्या यंत्रणेने गोळीबार केला, त्यात पालघरच्या वडराई गावचा मच्छीमार मारला गेला. समुद्रात सीमा आखलेली दिसत नाही. ती जवळ आल्याचे सांगणारे उपकरण मच्छीमाराच्या जिवाचे रक्षण करते, आणि त्याच कारणाने तो ते चालू ठेवतो.

"छान आहे," मामा म्हणतात. "आता 'कुबेर'चं सांग."

या एका शब्दाने चर्चा पुन्हा अवघड वळणावर येते. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यासाठी दहा दहशतवादी कराचीहून निघाले आणि वाटेत त्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवली. खलाशांना मारले आणि तांडेलला बोट हाकायला जिवंत ठेवले. मुंबईपासून चार सागरी मैलांवर त्यालाही ठार केले आणि रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वसाहतीत उतरले. 'कुबेर' बोट भारतीय होती, तिचा क्रमांक भारतीय होता, हाकणारा माणूसही भारतीय होता.

"तुझ्या त्या हिशेबात 'कुबेर' नऊशे बोटींत गेली असती," मामा म्हणतात. "आपली म्हणून बाजूला. ट्रान्सपाँडर असता तर तोही म्हणाला असता, मी पोरबंदरची. मग तुझी ओळख काय कामाची?"

भाची लगेच उत्तर देत नाही. मग सांगते, "ओळख पुरेशी नाही, हे खरं. वागणूकही बघावी लागते. पोरबंदरची मासेमारी बोट जाळं न टाकता सरळ रेषेत मुंबईकडे चालली आहे. ट्रान्सपाँडर असता तर हे दोन-तीन दिवस पडद्यावर दिसलं असतं. आणि त्या तांडेलच्या हाताशी धोक्याचं बटण असतं. त्यानं ते दाबलं असतं की नाही, कुणी सांगावं. पण २००८ मध्ये त्याच्यापाशी तेही नव्हतं."

"सरळ रेषेत चाललेली प्रत्येक बोट संशयित धरशील? मासळी लागली नाही की बोट दुसरीकडे जाते. वारा फिरला, बर्फ संपला, इंजिन कुरकुरलं, की तांडेल मार्ग बदलतो. कुठला बदल नेहमीचा आणि कुठला वावगा, हे कोण सांगणार?"

"तांडेलच सांगणार. संगणकाला शिकवायलाही तुमचे तांडेलच लागतील."

हे भाचीचे बोलणे शिष्टाचारापुरते नाही. २६ नोव्हेंबरच्या रात्री साडेआठच्या सुमारास रबरी होडीतून पाठीवर जड पिशव्या घेऊन उतरणारी तरुण मुले मच्छीमार वसाहतीतल्या लोकांनी पाहिली होती. त्यांनी हटकलेही होते. उद्धट उत्तर मिळाले. पोलिसांना सांगितले गेले, पण त्यातून वेळेत काही घडले नाही. पुढच्या तीन दिवसांत १६६ माणसे मारली गेली. धोका ओळखला गेला होता. ज्याला ओळख पटली त्याच्या हातात पुढचे काही नव्हते.

जमिनीवरच्या सीमांचा अनुभवही याच दिशेने जातो. मे १९९९ मध्ये कारगिलच्या डोंगरांतले घुसखोर आधी पाहिले ते ताशी नामग्याल या मेंढपाळाने; हरवलेला याक शोधताना त्यांनी दुर्बीण लावली होती. त्यानंतर त्या शिखरांवर उष्णता टिपणारे कॅमेरे, सेन्सर, मानवरहित विमाने गेली. जानेवारी २०१६ च्या पठाणकोट हल्ल्यानंतर सीमेवरची नद्या-ओढ्यांची उघडी भगदाडे चर्चेत आली. सप्टेंबर २०१८ मध्ये जम्मूत साडेपाच-साडेपाच किलोमीटरच्या दोन पट्ट्यांवर सेन्सरची 'स्मार्ट' कुंपणे सुरू झाली. मार्च २०१९ मध्ये आसामच्या धुबरीत ब्रह्मपुत्रेच्या ६१ किलोमीटरच्या सीमेवर अशीच व्यवस्था बसली. तिथे नदी पात्र बदलते, वाळूची बेटे उगवतात आणि बुडतात. तारेचे कुंपण घालायला जागाच नाही. अशा ठिकाणी कॅमेरे आणि सेन्सर यांच्याशिवाय इलाज नाही, हे मामाही मान्य करतात.

पण प्रत्येक उपकरणाची आपली एक आंधळी जागा असते. उष्णता टिपणारा कॅमेरा माणसाचे शरीर आणि भोवतालची जमीन यांच्या तापमानातला फरक पाहतो. दिवसाच्या ज्या वेळी तो फरक नाहीसा होतो, त्या वेळी माणूसही चित्रातून नाहीसा होतो. दाट धुके तर पंजाब-जम्मूच्या हिवाळ्यात रोजचे. जमिनीत लहरी सोडून पोकळी शोधणाऱ्या रडारला ओली चिकणमाती पुढे जाऊ देत नाही. सांबा भागातली भुयारे बऱ्याचदा जमीन खचल्यावर, किंवा घुसखोर मारले गेल्यावर त्यांचा माग उलट काढत गेल्यावर सापडली आहेत. नगरोट्याच्या चकमकीनंतर नोव्हेंबर २०२० मध्ये सापडलेले भुयार असेच.

आणि आता ड्रोन. जून २०२१ मध्ये जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने स्फोटके टाकली. पंजाबच्या सीमेवर हेरॉईन आणि पिस्तुले घेऊन ड्रोन येतात. सीमा सुरक्षा दलाने २०२३ मध्ये पंजाबात १०७ ड्रोन पकडले, २०२४ मध्ये २९४. किलो-दोन किलोचे, प्लास्टिकचे, पाखराएवढे यंत्र रडारला पाखराएवढेच दिसते. त्यामुळे त्यांच्या रेडिओ संदेशांवर कान ठेवणारी, संदेशच बंद पाडणारी यंत्रे सीमेवर आली आहेत. "यांतले कितीतरी ड्रोन शेतकऱ्यांनी सांगितल्यावर सापडले," मामा आठवण देतात. "रात्री घरघर ऐकली, सकाळी गव्हात पडलेलं दिसलं, चौकीवर कळवलं."

"पण २९४ चा आकडा गाठायला एकट्या शेतकऱ्याचे कान पुरले नसते," भाची म्हणते. यावर मामा मान हलवतात.

परदेशातला जो दाखला दोघांनाही महत्त्वाचा वाटतो, तो गाझाचा. इस्रायलने तिथे ६५ किलोमीटरची भिंत डिसेंबर २०२१ मध्ये पूर्ण केली. भूमिगत सेन्सर, रडार, कॅमेरे, दूरवरून चालवायच्या बंदुका. त्या काळातली जगातली सर्वांत पुढारलेली सीमा म्हणून तिचे नाव होते. ७ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे हमासने छोट्या ड्रोनमधून बॉम्ब टाकून टेहळणीचे मनोरे निकामी केले आणि बुलडोझरने कुंपण पाडले.

"यंत्र फसलं," मामा म्हणतात.

"मामा, त्याच्या आधीचं बघा. नहाल ओझच्या तळावर पडद्यांसमोर बसणाऱ्या तरुण मुली होत्या, सैन्यातल्या निरीक्षक. कुंपणाजवळ सराव चाललाय, हालचाल वाढलीय, असं त्या काही महिने वरती कळवत होत्या. कॅमेऱ्यानं दाखवलं होतं, मुलींनी ओळखलं होतं. वरच्यांनी मानलं नाही. त्यांतल्या बऱ्याच जणी त्या दिवशी मारल्या गेल्या."

इथे वादाचा मूळ प्रश्न बदलतो. यंत्र की माणूस, असे विचारून उत्तर मिळत नाही, कारण नहाल ओझला यंत्राने दाखवले, कफ परेडला माणसांनी पाहिले आणि दोन्हीकडे पुढचे पाऊल पडले नाही. कुणीतरी पाहिलेले किती मिनिटांत अशा माणसापर्यंत पोहोचते, जो बोट बाहेर काढण्याचा हुकूम देऊ शकतो? आणि हुकूम दिल्यावर ती बोट निघते का?

"हे मात्र माझ्या खात्यातलं," मामा म्हणतात. "बोट धक्क्याला असते. इंजिन चालू स्थितीत हवं, टाकीत डिझेल हवं, भरती-ओहोटी बघून ती खाडीबाहेर काढणारा माणूस हवा. या तिन्हींसाठी पैसे मागितले की फाईल फिरते. नवा कॅमेरा मागितला तर उद्घाटनाला पाहुणे येतात. सागर कवच, सी व्हिजिल असे सराव होतात, चांगलेच आहेत. पण नकली घुसखोर पकडला का, एवढंच मोजून भागत नाही. पहिल्या फोनपासून पहिली बोट धक्का सोडेपर्यंत किती वेळ गेला, ते प्रत्येक बंदराचं मोजून लिहून ठेवा."

"आणि फोन करणाऱ्याचं काय?" भाची विचारते. "मच्छीमार तुमच्याकडे यायला का कचरतो?"

मामा थोडे सावरून बसतात. "कारण कळवलं की त्यालाच बसवून ठेवतात. नाव काय, परवाना कुठे, तू तिकडे काय करत होतास. त्याची एक भरती जाते, मासळी खराब होते. पुढच्या वेळी तो दिसलेलं विसरतो. हे आम्हीच बदलायला हवं होतं."

भाचीचीही एक कबुली आहे. ट्रान्सपाँडर मच्छीमाराची हालचाल सतत सांगतो. कुणाला कुठे मासळी लागते, हे त्याचे पिढीजात भांडवल. ही माहिती दुसऱ्या बोटवाल्याच्या किंवा व्यापाऱ्याच्या हाती जाऊ लागली, किंवा दंड ठोकण्यापुरतीच वापरली गेली, तर तो उपकरणाची तार काढून ठेवील. मग पडद्यावर नऊशेऐवजी चारशेच बोटी आपल्या म्हणून ओळखू येतील, आणि सगळा हिशेब कोलमडेल. या माहितीवर कुणाचा हक्क, ती किती दिवस साठवायची, कुणाला दाखवायची, याचे लेखी नियम मराठीत प्रत्येक मच्छीमार सोसायटीत लावायला हवेत, असे ती म्हणते.

दोघांचे सगळे जुळते असे नाही. मामांना अजूनही वाटते की पैसा कमी असेल तर आधी गस्तीला द्यावा. भाचीचे म्हणणे की गस्त कुठे घालायची हे ठाऊक नसेल तर डिझेल समुद्रात ओतल्यासारखेच. साडेसात हजार किलोमीटर म्हणून आपण शाळेत शिकलेली भारताची किनारपट्टी नव्या, बारकाईच्या मोजणीत अकरा हजारांवर गेली आहे. एवढ्या लांबीवर माणसे उभी करता येणार नाहीत, हे तिचे म्हणणे खोडणे कठीण आहे. आणि पैसे घेऊन डोळे मिटणारा माणूस साखळीत असेल तर ४६ काय, ४६० रडारही अपुरे, हे मामांचेही.

या लेखाचा कौल असा आहे. छोट्या बोटींवरचे ट्रान्सपाँडर ही या घडीला किनारी सुरक्षेतली सर्वांत मोलाची गुंतवणूक आहे, कारण ते आपल्या माणसांना ओळखतात आणि त्यांचा जीवही वाचवतात. एक लाख बोटींचे उद्दिष्ट कागदावर राहू नये. प्रत्येक सरावानंतर बंदरागणिक प्रतिसादाचा वेळ मोजला जावा आणि तो विधिमंडळापुढे ठेवला जावा. संशयित बोटीची खबर देणाऱ्या मच्छीमाराला चौकशीत अडकवून ठेवू नये, उलट त्या दिवसाच्या बुडालेल्या धंद्याची भरपाई मिळावी. या तिन्ही गोष्टींना नवे संशोधन लागत नाही; खात्यांचा निश्चय आणि थोडा पैसा लागतो.

आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या, तिथे फिरायला जाणाऱ्या प्रत्येक वाचकाला एक विनंती. अनोळखी बोट, बेवारस वस्तू, रात्री-अपरात्री सामान उतरवणारी माणसे दिसली, तर जवळ जाऊ नका, चित्रफीत पसरवत बसू नका, लगेच कळवा. सागरी पोलिसांचा क्रमांक १०९३, तटरक्षक दलाचा १५५४. हे दोन्ही क्रमांक आजच फोनमध्ये नोंदवून ठेवा.